कुंभार, सुई आणि ‘रॉयल’: इंग्रजीतले फ्रेंच-लॅटिन शब्द ओळखण्याची रीत

‘रिसीट’च्या स्पेलिंगमध्ये पी येतो, पण बोलताना तो कुठेच ऐकू येत नाही. ‘डिसीट’मध्ये मात्र पी नाहीच. दोन्ही शब्द एका घरातले, एकाच वाटेनं इंग्रजीत आलेले, मग एकालाच पी का? मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. नववीतल्या एका मुलीनं हे विचारलं तेव्हा ‘पाठ कर’ एवढंच उत्तर माझ्याजवळ होतं. त्याची खंत मनात राहिली. मग मी शब्दकोशात शब्दाच्या शेवटी बारीक अक्षरांत छापलेल्या, आजवर डोळ्याआड केलेल्या ओळी वाचायला लागले.

त्या ओळींतून एक गोष्ट उलगडत गेली. इंग्रजीतले कितीतरी शब्द एकाच मुळातून दोनदा, तीनदा, कधी पाचदा आलेले आहेत. रॉयल आणि रीगल, शुअर आणि सिक्युअर, पॉयझन आणि पोशन ही सगळी सख्खी भावंडं. ती ओळखायला लागणारी नजर मराठी माध्यमातल्या मुलांना सहावी-सातवीतच मिळालेली असते, कारण तत्सम आणि तद्भव हा धडा त्यांनी केलेला असतो. म्हणून सुरुवात इंग्रजीपासून नको, घरापासून करू.

आधी मराठीची उजळणी

कुंभकारचा कुंभार झाला, लोहकारचा लोहार, सुवर्णकारचा सोनार. तिन्ही ठिकाणी दोन स्वरांच्या मधला ‘क’ झिजून गेला. ‘सूची’मधला ‘च’ असाच गळाला आणि ‘सुई’ उरली. पुढे विद्वानांनी संस्कृतातून ‘सूची’ हा शब्द जसाच्या तसा पुन्हा उचलला. आज सुई शिवणाच्या डब्यात आहे आणि सूची पुस्तकाच्या शेवटी. शेत आणि क्षेत्र यांचं हेच नातं. भात आणि भक्त यांचंही हेच, कारण संस्कृतात ‘भक्त’ म्हणजे वाटून दिलेला भाग, त्यावरून अन्न, शिजवलेला तांदूळ. आणि भक्ती करणाराही भक्तच.

एक रूप लोकांच्या तोंडी शेकडो वर्षं घासून गुळगुळीत झालेलं, दुसरं पोथीतून कोरं उचललेलं. एवढं मनात पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं आहे, कारण फ्रेंच आणि लॅटिन यांचं नातं नेमकं असंच आहे. रोमनांनी आजचा फ्रान्स जिंकला तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. तिथं बोलली जाणारी लॅटिन झिजत झिजत फ्रेंच झाली. लॅटिन ‘रेगालिस’ म्हणजे राजाचा, राजाला शोभणारा. मधला ‘ग’ झिजला आणि फ्रेंचमध्ये ‘रॉयल’ तयार झालं. पुढे इंग्रज पंडितांनी लॅटिनमधून थेट ‘रीगल’ घेतलं. आता आपल्याकडे पाहा: ‘राजा’मधला ‘ज’ झिजून ‘राव’ झाला आणि ‘राजा’ही टिकून राहिला. रीगलला जे रॉयल, ते राजाला राव. लॅटिनचा ‘रेक्स’ आणि संस्कृतचा ‘राजन्’ हे शब्दही एकमेकांचे भाऊ आहेत. दोन भावांच्या घरी, हजारो मैलांच्या अंतरावर, तीच झीज झाली. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ती जोडी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली.

तुम्हीही एक वही करा. शब्दांची व्युत्पत्ती देणारा एखादा इंग्रजी कोश हाताशी ठेवा. इंटरनेटवर असे कोश मोफत मिळतात. त्यातल्या संक्षेपांना घाबरू नका. ओ-ई म्हणजे जुनी इंग्रजी, एम-ई म्हणजे मधल्या काळातली इंग्रजी, ओ-एफ जुनी फ्रेंच, ए-एफ किंवा ए-एन म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांची इंग्लंडमधली फ्रेंच आणि एल म्हणजे लॅटिन.

शब्द कोणत्या दारानं आला?

इंग्रजीत लॅटिन शब्द एकदाच आले नाहीत. पहिली खेप फार जुनी. इंग्रजांचे पूर्वज युरोपच्या मुख्य भूमीवर होते तेव्हा रोमन व्यापारी आणि सैनिकांकडून त्यांनी वाइन, स्ट्रीट, वॉल, चीझ असे शब्द घेतले. 597 मध्ये ऑगस्टीन हा धर्मोपदेशक केंटमध्ये उतरला आणि चर्चबरोबर लॅटिनची आणखी भर पडली. दुसरी आणि सगळ्यांत मोठी खेप 1066 नंतरची. त्या वर्षी 14 ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम जिंकला आणि इंग्लंडचा दरबार, न्यायालय आणि सरदारांची स्वयंपाकघरं फ्रेंच बोलू लागली. तिसरी खेप पंडितांची: पंधराव्या शतकापासून पुढे ग्रीक-लॅटिन ग्रंथांचा अभ्यास वाढला आणि शब्द थेट लॅटिनमधून यायला लागले. चौथी खेप त्यानंतरची, पॅरिसच्या फॅशनची आणि खानपानाची.

चारही दारं एकाच शब्दात बघायची असतील तर ‘डिस्कुस’ हा शब्द घ्या. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ फेकायची गोल चकती; हा मुळात ग्रीकांचा. सर्वांत आधी तो जुन्या इंग्रजीत शिरला आणि ‘डिश’ झाला. जुन्या फ्रेंचमधून आला तो ‘डेइस’, म्हणजे दिवाणखान्यातला मानाचा चौथरा. मध्ययुगीन लॅटिनमधून आला तो ‘डेस्क’. मग ‘डिस्क’, आणि शेवटी खेळाच्या मैदानावरचा, लॅटिन कपडेही न बदललेला ‘डिस्कस’. शाळेतलं डेस्क, घरातली डिश आणि क्रीडास्पर्धेतली थाळी, तिन्ही एकच. थाळीफेक म्हणताना मराठीनंही नकळत ताटाचीच आठवण ठेवली आहे.

पहिली पायरी: कान द्या, ‘च’ की ‘श’?

स्पेलिंगमध्ये सी-एच आहे. उच्चार काय? ‘चीफ’मध्ये च, ‘शेफ’मध्ये श. दोन्ही एकाच फ्रेंच शब्दाची रूपं, मूळ अर्थ डोकं, म्हणून प्रमुख. फरक वेळेचा आहे. नॉर्मन काळातली फ्रेंच सी-एचचा उच्चार ‘च’ करायची. तेराव्या शतकात खुद्द फ्रान्समध्ये तो ‘श’ झाला. इंग्रजांनी जे आधी घेतलं त्यात ‘च’ गोठून राहिला: चेंबर, चेअर, चान्स, चॅपल, चार्ज. जे पुष्कळ नंतर घेतलं त्यात ‘श’ आला: मशीन, शॅम्पेन, ब्रोशर, पॅराशूट, शोफर. म्हणजे नुसता उच्चार ऐकून शब्दाच्या वयाचा अंदाज करता येतो.

दोन सावधगिरी. चाइल्ड, चिन असे अस्सल इंग्रजी शब्दही ‘च’नेच सुरू होतात, तेव्हा ‘च’ दिसला की लगेच फ्रेंच म्हणू नका. आणि उच्चार ‘क’ असेल, जसा केमिस्ट्री किंवा कोरसमध्ये, तर मूळ बहुधा ग्रीक.

अशीच कसोटी जी या अक्षराची. ‘जेंटल’ जुना, कारण स्वच्छ ‘ज’. ‘बेज’ किंवा ‘रूज’ म्हणताना इंग्रज जो मऊ, घासत जाणारा आवाज काढतो तो नव्या फ्रेंचचा. ‘जेंटल’चा परिवार मोठा आहे. लॅटिन ‘गेन्तिलिस’ म्हणजे एकाच कुळातला. त्यातून आधी जेंटल म्हणजे कुलीन, म्हणून सभ्य, सौम्य. नंतर फ्रेंचमधूनच पुन्हा जेंटील आणि जॉन्टी. आणि थेट लॅटिनमधून जेंटाइल. त्याच्या मुळाशी असलेला ‘गेन्स’ आपल्या ‘जन’चा नातलग.

दुसरी पायरी: गळालेला एस शोधा

हॉस्टेल आणि हॉटेल यांत फरक एका एसचा. लॅटिन ‘होस्पितालिस’ म्हणजे पाहुण्यासंबंधीचा. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘ओस्तेल’ झालं आणि त्या काळात इंग्रजीनं हॉस्टेल घेतलं. पुढे फ्रेंचमधला व्यंजनाआधीचा एस बोलण्यातून गेला. त्याची आठवण म्हणून फ्रेंच लोक ‘ओ’ या अक्षरावर एक लहानसं छप्पर काढतात. तो एस नसलेला शब्द अठराव्या शतकात इंग्रजीत आला, तो हॉटेल. पंडितांच्या दारानं हॉस्पिटल आलं, आणि आपल्या आजी-आजोबांच्या तोंडचं इस्पितळही याच कुळातलं.

फ्रेंच शब्दावर असं छप्पर दिसलं की तिथं एस घालून बघा. ‘फोरे’चं फॉरेस्ट होतं, ‘बेत’चं बीस्ट, ‘फेत’चं फीस्ट. फ्रेंच शिकणाऱ्या मुलांना या एका युक्तीनं कितीतरी शब्द फुकट मिळतात.

या घराचा मूळपुरुष ‘होस्पेस’ हा फार सुंदर शब्द आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पाहुणाही आणि यजमानही. आज फ्रेंचमध्येसुद्धा ‘ओत’ हा एकच शब्द दोघांना चालतो. आतिथ्य हे दोघांमधलं एकच नातं, मग नावं दोन कशाला, असा त्यामागचा विचार असावा. त्याच मुळाचा दुसरा फाटा ‘होस्तिस’, म्हणजे परका, नंतर शत्रू. त्यावरून हॉस्टाइल. दारात उभा असलेला अनोळखी माणूस पाहुणा ठरणार की वैरी, हा प्रश्न या दोन शब्दांत कायमचा साठून राहिला आहे.

याच्या उलट चालणारीही एक सवय फ्रेंचला होती. सुरुवातीला एस आणि लगेच व्यंजन आलं की जिभेला टेकू म्हणून आधी ‘ए’ लावायची. लॅटिन ‘स्तातुस’चं त्यामुळे ‘इस्टेट’ झालं. स्टेट आणि स्टेटस ही त्याचीच भावंडं.

तिसरी पायरी: नॉर्मन की पॅरिसकर?

विल्यमबरोबर आलेली मंडळी पॅरिसची फ्रेंच बोलत नव्हती. जशी पुण्याची बोली वेगळी आणि वऱ्हाडी वेगळी, तसा हा फरक. दोन खुणा लक्षात ठेवल्या तरी पुरे.

एक: लॅटिनमध्ये ‘का’ होता तिथं पॅरिसकडे ‘च’ झाला, नॉर्मंडीत ‘क’च राहिला. म्हणून कॅच नॉर्मन, चेस पॅरिसकर. दोन्ही पकडण्याच्या एकाच क्रियापदातून. पॅरिसकर झीज ओळखण्यासाठी ‘कामेरा’ हे चांगलं उदाहरण. लॅटिन कामेरा म्हणजे खोली. फ्रेंचमधून त्याचं चेंबर झालं. चित्र टिपणाऱ्या यंत्राला मात्र लॅटिन नाव मिळालं, कारण त्याचं पहिलं रूप म्हणजे एक अंधारी खोली, कामेरा ऑब्स्क्युरा. भोकातून आत आलेला उजेड समोरच्या भिंतीवर बाहेरचं उलटं चित्र उमटवायचा. हिंदीतला ‘कमरा’ पोर्तुगीजांमार्फत तिथूनच आला.

दोन: जर्मेनिक भाषांतून फ्रेंचमध्ये आलेल्या शब्दांतला ‘व’ पॅरिसकडे ‘ग’ झाला, नॉर्मंडीत ‘व’ राहिला. वॉरंटी आणि गॅरंटी, वॉर्डन आणि गार्डियन, रिवॉर्ड आणि रिगार्ड. पंखा घेताना दुकानदार वॉरंटी वेगळी आणि गॅरंटी वेगळी समजावून सांगतो. कायद्यानं ती वेगळी असतीलही, शब्द एकच आहे. खुद्द विल्यमला फ्रेंच लोक ग्योम म्हणतात.

आता डोक्याचं कुटुंब, कारण एका मुळाचा विस्तार किती व्हावा हे त्यात दिसतं. लॅटिन ‘कापुत’ म्हणजे डोकं. चीफ आणि शेफ वर आलेच. कॅप्टन म्हणजे डोक्याच्या जागी असलेला. चॅप्टर म्हणजे लहानसं डोकं, मथळा, म्हणून प्रकरण. बायसेप्स म्हणजे दोन डोक्यांचा स्नायू. अचीव्ह म्हणजे काम डोक्याला नेणं, आपण तडीस नेतो तसं. कर्चीफ म्हणजे डोकं झाकायचं फडकं. ते हातात धरायला लागले तेव्हा हँडकर्चीफ झालं, आणि हात, झाकण आणि डोकं तिन्ही एका रुमालात आली.

त्याच मुळातून ‘कापिताले’ म्हणजे मुख्य मालमत्ता. नॉर्मन रूप कॅटल, पॅरिसचं रूप चॅटल, लॅटिनमधून थेट घेतलेलं कॅपिटल. मध्ययुगात शेतकऱ्याची जंगम मालमत्ता म्हणजे मुख्यतः गुरं, म्हणून कॅटल गुरांवर स्थिरावला. चॅटल कायद्याच्या भाषेत जंगम मालमत्तेसाठी राहिला आणि कॅपिटल भांडवलदारांकडे गेला. गोठ्यातली गाय आणि शेअरबाजारातलं भांडवल एका शब्दाची लेकरं आहेत, हे पशुधन म्हणणाऱ्या आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही.

चौथी पायरी: शेवट बघा

लॅटिनचा ‘-तिओ’ हा शेवट लोकांच्या तोंडी झिजला की ‘-सन’ होतो, आणि पंडितांनी घेतला की ‘-शन’. हे नीट धरून ठेवा, कारण यातून फार चांगल्या जोड्या निघतात.

‘पोतिओ’ म्हणजे पिणं, पेय. पोशन म्हणजे औषधी घोट, पॉयझन म्हणजे विष. मूळ क्रियापद आपल्या ‘पा’ या धातूचं भावंड, ज्यातून पान आणि पेय आले. कोणी काय प्यायला दिलं यावर अर्थ फुटला.

‘त्रादितिओ’ म्हणजे हातातून हाती देणं. पुढच्या पिढीच्या हाती दिलं तर ट्रॅडिशन, शत्रूच्या हाती दिलं तर ट्रीझन. कृती तीच, घेणारा बदलला. ‘त्रा-दे-रे’मधला ‘दे’ म्हणजे आपला ‘दा’, देणं.

‘रातिओ’ म्हणजे हिशोब. झिजून रीझन, म्हणजे कारण, विचारशक्ती. कोरा घेतला तो रेशो, गणितातलं गुणोत्तर. आणि मोजून दिलेला वाटा तो रेशन. घरातल्या रेशनकार्डावरचा शब्द आणि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातला ‘रीझन’ हे एकच आहेत, हे वर्गात सांगितलं की मुलं पुढचा आठवडाभर स्वतःहून जोड्या शोधून आणतात. ‘सीझन’ची जोडी मात्र मोडली, त्याचं मूळ ‘सातिओ’ म्हणजे पेरणी. हंगाम म्हणजे पेरणीची वेळ, हे आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना लगेच पटतं.

पाचवी पायरी: क्रियापदाची दोन रूपं

संस्कृतात युज् आणि युक्त, त्यज् आणि त्यक्त, भुज् आणि भुक्त. लॅटिन क्रियापदांची अशीच जोडरूपं आहेत आणि इंग्रजीनं दोन्ही उचलली. ‘युज्-युक्त’ची तर लॅटिनमध्ये सख्खी बहीण आहे: एका रूपातून जॉइन, दुसऱ्यातून जंक्शन. आपला योग त्याच घराण्यातला.

ही जोडरूपं पाठ करण्याजोगी आहेत, कारण क्रियापदावरून नाम बनवताना स्पेलिंग चुकत नाही. डिस्क्राइब-डिस्क्रिप्शन, प्रोड्यूस-प्रॉडक्शन, परमिट-परमिशन, एक्स्पेल-एक्स्पल्शन, कन्व्हर्ट-कन्व्हर्जन, सॉल्व्ह-सोल्यूशन, कन्झ्यूम-कन्झम्प्शन, एक्स्टेंड-एक्स्टेन्शन. एक जोडी अनियमित आहे: ट्रान्स्फर आणि ट्रान्सलेट एकाच लॅटिन क्रियापदाची दोन रूपं. इकडून तिकडे वाहून नेणं. माणसाची बदली झाली तर ट्रान्स्फर, मजकुराची झाली तर ट्रान्सलेशन.

आता रिसीटकडे. रिसीव्ह, डिसीव्ह, कन्सीव्ह ही फ्रेंचमधून झिजून आलेली रूपं. रिसेप्शन, डिसेप्शन, कन्सेप्ट ही कोरी लॅटिन. रिसीट आणि डिसीट फ्रेंचमधून आले तेव्हा दोघांतही पी नव्हता. लॅटिनचा अभ्यास वाढल्यावर लेखनिकांना वाटलं, मूळ शब्द ‘रेकेप्ता’, त्यात पी आहे, तो दाखवायला हवा. रिसीटमध्ये तो टिकला, डिसीट आणि कन्सीटमध्ये टिकला नाही. लोकांनी उच्चार मात्र बदलला नाही. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी ‘देबितुम’साठी आणि डाउटमधला बी ‘दुबितारे’साठी असाच मागाहून घातलेला. त्या नववीतल्या मुलीला द्यायचं उत्तर हे होतं.

‘रेसिपी’ही याच घरातली. लॅटिनमध्ये तो आज्ञार्थ आहे: ‘घे’. वैद्य औषधाच्या चिठ्ठीची सुरुवात या शब्दानं करायचे, आणि डॉक्टर चिठ्ठीवर जी आडवा छेद दिलेल्या आरची खूण करतात ती त्याचाच संक्षेप.

सहावी पायरी: संधी सोडवा

उत् आणि लेख मिळून उल्लेख, सत् आणि जन मिळून सज्जन. पुढच्या व्यंजनाला शरण जाणारा हा संधी लॅटिननंही केला आणि इंग्रजी स्पेलिंगमधली जोडाक्षरं बरीचशी त्यातूनच आली. ‘कोन’ म्हणजे सह, आपला ‘सम्’. तो एलपुढे ‘कोल’ होतो, आरपुढे ‘कोर’, एमपुढे ‘कोम’. म्हणून कलेक्टमध्ये दोन एल, करेक्टमध्ये दोन आर, कमिटीत दोन एम. ‘इन’ नकारार्थी असो की ‘आत’ या अर्थी, त्याचंही तसंच: इल्लीगल, इर्रेग्युलर, इम्मिग्रेशन. ‘बाहेर’ दाखवणारा ‘ए’ मात्र एमला दुणावत नाही, म्हणून एमिग्रेशनमध्ये एकच एम. देशात येणाऱ्याला दोन, देश सोडणाऱ्याला एक.

सगळ्यांत जास्त चुकणारा शब्द अकोमोडेट. ‘आद’ म्हणजे कडे, ‘कोम’ म्हणजे सह आणि ‘मोदुस’ म्हणजे माप. आदचा डी सीपुढे सी झाला, म्हणून दोन सी. कोमचा एम आणि मोदुसचा एम, म्हणून दोन एम. शेवटी डी एकच. हा संधी एकदा वहीवर सोडवला की हा शब्द पुन्हा चुकत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

मग वापरायचा कोणता?

व्युत्पत्ती कळली तरी अर्थ एकच समजू नका. आपण बाईला गर्भिणी म्हणतो आणि म्हशीला गाभण. शब्द एक, पण अदलाबदल केली तर अपमान होईल. इंग्रजीतही जोड्यांनी कामं वाटून घेतली आहेत. काच फ्रेजाइल, आजी फ्रेल. जे कायद्यात बसतं ते लीगल. लॉयल म्हणजे निष्ठावान. राजघराण्याचं ते रॉयल, आणि राजाला शोभेल असा डौल रीगल.

ढोबळ नियम असा की अस्सल इंग्रजी शब्द घरगुती, फ्रेंच शब्द शिष्ट आणि थेट लॅटिन शब्द कागदी किंवा शास्त्रीय. आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट या तिन्हींत विचारणंच आहे, पण शेवटचा पोलिसांकडे होतो. अर्जात आणि पत्रात मुलं मोठे लॅटिन शब्द भरतात, कारण ते भारदस्त वाटतात. मी त्यांना साधा शब्द आधी शोधायला लावते.

कायद्याच्या इंग्रजीत मात्र जोडीनं शब्द लिहायची जुनी पद्धत आहे: विल अँड टेस्टामेंट, गुड्स अँड चॅटल्स. एक शब्द इंग्रजी, दुसरा फ्रेंच किंवा लॅटिन. 1362 च्या कायद्यानं इंग्लंडमधल्या न्यायालयांत तोंडी कामकाज इंग्रजीत चालावं असं ठरलं. तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता. दोन भाषांत जगणाऱ्या समाजाला असे जोडशब्द सुचतातच. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट हे आपले शब्द पाहा, एक भाग फारसी-अरबीकडून आलेला आणि एक इथला.

फसवी साम्यं

सारखं दिसतं म्हणून नातं असतंच असं नाही. आयलंड आणि आइल, दोन्हींचा अर्थ बेट, पण शब्द वेगळे. आयलंड अस्सल इंग्रजी, त्यातला एस आइलकडे बघून चुकून घातलेला. मेल आणि फीमेल यांचा मुळात संबंध नाही, फ्रेंच ‘फेमेल’चं स्पेलिंग मेलच्या शेजारी राहून बदललं. डे आणि डायरी यांचंही नातं नाही. डायरी, जर्नल, जर्नी आणि अ‍ॅडजर्न लॅटिनच्या दिवसातून आले, आणि तो दिवस आपल्या ‘दिवस’चा नातलग, इंग्रजी डे मात्र त्या कुळातला नव्हे. जर्नी म्हणजे एका दिवसाची मजल.

आपल्याकडे फिरणारा एक समज इथं दुरुस्त करायला हवा. नॅव्हिगेशन हा शब्द ‘नवगती’वरून आला असं सांगतात. तो लॅटिन ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे चालवणं यांतून आला. नाविस आणि आपली नौ या बहिणी आहेत, आई-मुलगी नाहीत. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी हेच मांडलं होतं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान उगमातून निघाल्या असाव्यात. दंत आणि डेंटल, पद आणि पेडल, दान आणि डोनेट, अग्नी आणि इग्नाइट, मृत आणि मॉर्टल या जोड्या त्या नात्याच्या खऱ्या खुणा आहेत. खरं नातं एवढं जवळचं असताना खोट्याची गरज काय?

घरात आधीच असलेले पाहुणे

लॅटिनची एक वाट थेट आपल्या दारात आली. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि त्यांची भाषाही लॅटिनचीच लेक. पाव आला लॅटिन ‘पानिस’मधून, ज्याच्याबरोबर पाव वाटून खायचा तो कम्पॅनियन, आणि अशांची मिळून कंपनी. पगार पोर्तुगीज ‘पागार’वरून, त्याचं मूळ ‘पाकारे’, शांत करणं, ज्याचं देणं आहे त्याचं समाधान करणं. फ्रेंचमधून तोच शब्द इंग्रजीत पे झाला. चावी ‘क्लाविस’मधून, कुलूप लावता येईल अशी खोली ती कॉन्क्लेव्ह, आणि गळ्याखालचं हाड क्लॅव्हिकल म्हणजे छोटी चावी.

एक शब्द पूर्ण सोडवून बघू

बँकेच्या पासबुकावरचा ‘अकाउंट’ घ्या. दोन सी आहेत, म्हणजे संधी: आद आणि काउंट. काउंट फ्रेंचमधून झिजून आला. मूळ लॅटिन ‘कोम्पुतारे’, हिशोब करणं. कोरं रूप शोधा: कॉम्प्यूट. फ्रेंचमध्ये आज ‘कोंते’ असा उच्चार करतात, पण लिहिताना मधला पी लिहितात. रिसीटची गोष्ट तिथंही घडली. आता ‘कोम’ बाजूला काढा. उरतं ‘पुतारे’, ज्याचा जुना अर्थ झाडाची छाटणी करणं, नको ते कापून नीट करणं, आणि त्यावरून मोजणं, मत बनवणं. डिस्प्यूट, रेप्युटेशन, डेप्युटी हे सगळे तिथले. अ‍ॅम्प्युटेटमध्ये छाटणीचा मूळ अर्थ अजून जसाच्या तसा आहे. वहीत मध्यभागी पुतारे लिहा आणि भोवती हे सात शब्द मांडा: अकाउंट, काउंट, कॉम्प्यूट, डिस्प्यूट, रेप्युटेशन, डेप्युटी, अ‍ॅम्प्युटेट. प्रत्येकापुढे तो कोणत्या दारानं आला ते कोशात बघून लिहा, आणि ‘डिस्काउंट’ कुठं बसतो ते तुम्हीच शोधा.